कापसाच्या खोलीतली अळी

लग्न होऊन मी बुलढाण्याहून जळगाव जामोद तालुक्यातल्या सासरी आले, तेव्हा घरातली सगळ्यात मोठी खोली कापसाने भरलेली होती. पुढचं दार उघडलं की समोर पांढरी भिंत. जमिनीपासून थेट माळवदाच्या लाकडांपर्यंत कापूस. त्याला टेकून दोन खाटा, आणि त्या खाटांवर आम्ही झोपायचो. भाव वाढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, ही सगळ्या गावाची रीत होती.

आठवडाभरात माझ्या मानेवर, पोटावर, दंडांवर बारीक लाल पुरळ उठलं. खाजवून खाजवून कातडी सोलायची वेळ आली. मला वाटलं, इथलं पाणी मला मानवत नाही. सासूबाईंनी पाहिलं आणि सहज सांगितलं, "कापसाची खाज हाय थे. दरसाली होते. होळीलोग राह्यते."

कापसात बारीक कीड असते, ती उघड्या डोळ्याला दिसत नाही, आणि त्या किडीमुळे ही खाज येते. घरातली लहान मुलंसुद्धा झोपेत खाजवत असत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. जसा उन्हाळा येतो तशी खाज येते, एवढंच.

वाटत होतं ते एकट्या जाऊबाईंना. माझ्या थोरल्या जाऊबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. उंच, सावळ्या, बोलायला कमी. मी बी. एस्सी. झालेली म्हणून घरात माझं कौतुक होतं, आणि त्या कौतुकात जाऊबाईही सामील होत्या. पण त्यांच्या घरकामात एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच दिसली. त्या कोणतीही वस्तू पाहिल्याशिवाय उचलत नसत. ज्वारीच्या कोठीत हात घालायच्या, मूठभर दाणे उन्हात नेऊन पसरायच्या आणि त्यात सोंडे चालतात का ते बघत उभ्या राहायच्या. दाणा पोखरून पीठ करणारा तो काळा किडा एक जरी दिसला, तरी अख्खी कोठी उपसून अंगणात. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलेलं, गव्हात कडुनिंबाचा वाळला पाला, उंदरांची बिळं काचांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवलेली. आमच्या घरच्या भाकरीला कधी जुनाट वास आला नाही, तो त्यांच्यामुळे. हे मला फार उशिरा कळलं. न आलेला वास कुणाच्या लक्षात येतो?

एके दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. कापसाच्या खोलीत त्या भिंतीजवळ वाकून उभ्या होत्या.

"हे पाय व. हे भितीले काऊन चढून राह्यली?"

मातीच्या भिंतीवरून एक गुलाबी अळी वर चालली होती. बोटाच्या पेराहून लहान. बोंडअळी. बोंडातलं बी, म्हणजे सरकी, खाऊन कापूस नासवणारी.

मी लगेच शिकलेलं सांगितलं, "बाई, ती कोष करायला जागा शोधते. मग तिचा पतंग होतो."

"कधी?"

"म्हणजे... पुढे."

"पुढं म्हणजे कधी? पेरनीच्या आंधी का मांगून?"

मला ते माहीत नव्हतं. मी परीक्षेत बोंडअळीच्या जीवनचक्राची आकृती काढून चांगले गुण मिळवले होते, आणि ही अळी माझ्या खाटेपासून दोन हातांवर चालत होती तरी मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. जाऊबाई रागावल्या नाहीत. लोणच्याची एक रिकामी बरणी धुऊन पुसून त्यांनी आणली. त्यात मूठभर किडका कापूस टाकला, भिंतीवरच्या पाच-सहा अळ्या टाकल्या, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि बरणी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

"पाहू नं, कधी निंगते थे," एवढंच म्हणाल्या.

माघ गेला, फाल्गुन गेला. कापूस विकला गेला, खोली रिकामी झाली, माझी खाज थांबली. बरणी देवळीतच होती. जाऊबाई रोज देवाला दिवा लावून झाला की तिकडे एकदा नजर टाकायच्या. मी विसरून गेले होते. विहिरीच्या पाण्यावर आमची कपाशी मे महिन्यातच लावलेली असते. आषाढ लागला, तेव्हा झाडं गुडघ्याला आली होती, पहिल्या पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरायला लागल्या होत्या. त्या दिवसांत एका सकाळी जाऊबाई बरणी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. फडक्याच्या आतल्या बाजूला दोन राखाडी, बारीक पतंग बसले होते.

"निंगली पाखरं," त्या म्हणाल्या. "पाती आली अन् हे बी आलं. सहा महिने झोपून होतं. आपल्याच घरात."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मी मात्र बरणीवर वाकून बघत राहिले. पुस्तकातली आकृती पहिल्यांदा माझ्यापुढे जिवंत झाली होती आणि ती मला दाखवली होती सातवी शिकलेल्या बाईने.

त्यांनी ती बरणी भासऱ्यांपुढे, म्हणजे त्यांच्या यजमानांपुढे ठेवली. भासरे भला माणूस. शेतीत राबणारा, कुणाला उणंदुणं न बोलणारा. जेवता जेवता त्यांनी बरणी बघितली आणि हसले. "दोन पाखरं निंगली म्हणून काय झालं? फवारा हाय नं."

जाऊबाई म्हणाल्या, "किती फवारसान? घराघरात कापूस होता. घराघरामांगं पऱ्हाटीची गंजी हाय."

पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं. वेचणी संपली की ती उपटून, वाळवून प्रत्येक घरामागे रचून ठेवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची. त्या काड्यांवर अर्धवट उमललेली, किडकी बोंडं तशीच लटकत असतात. जाऊबाईंना जे कळलं होतं ते भासऱ्यांना त्या दिवशी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसले. भासऱ्यांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्या वर्षी बोंडअळी आली ती अशी आली की लोकांचा विश्वास बसेना. वरून हिरवं, टणक दिसणारं बोंड फोडलं की आत अळी. वेचायला गेलं की कापूस बोंडातून निघेना, त्याला चिकटून पिवळ्या, सडक्या कापसाची कवडी. आमचंच नाही, सगळ्या शिवाराचं तसंच. भासरे फवारत राहिले. एका औषधाने भागेना म्हणून दोन औषधं एकत्र करून फवारायला लागले. कपाशी तोवर खांद्याएवढी झाली होती. फवारा वर मारायचा आणि तो वाऱ्याने आपल्याच तोंडावर यायचा. तोंडाला रुमाल, अंगात साधा सदरा, पाय उघडे. सगळेच तसे फवारत.

दसऱ्यानंतरचं कडक ऊन होतं. मी आणि जाऊबाई दुपारची भाकरी घेऊन वावरात गेलो. भासरे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेले दिसले. पंप अजून पाठीवरच होता. घामाने इतके भिजलेले की विहिरीतून काढल्यासारखे. तोंडातून लाळ गळत होती.

"काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मले दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले आणि ओकारी आली.

 जाऊबाईंनी डब्याची पिशवी खाली टाकली. पंपाचे पट्टे सोडले, पंप दूर ढकलला. सदऱ्याची बटणं काढायचा प्रयत्न न करता सदरा सरळ टराटरा फाडून काढला. "मोटर चालू कर," मला म्हणाल्या. विहिरीजवळच्या खोपटात अंघोळीचा साबण असायचा. पाइपाच्या पाण्याखाली त्यांनी नवऱ्याला बसवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत साबणाने घासून काढलं. केस, कानांमागे, बोटांच्या बेचक्या. स्वतःच्या हातांना आधी त्यांनी बियाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या बांधल्या होत्या. हे सगळं चार-पाच मिनिटांत.

त्या दिवशी मी भासऱ्यांशी पहिल्यांदा बोलले. माझी ओढणी त्यांच्या अंगाभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "दादा, डोळे मिटू नका. माझ्याशी बोला." ते काही बोलू शकत नव्हते, पण त्यांनी मान हलवली.

शेजारच्या वावरातल्या काकांची जीप होती. ती येईपर्यंत जाऊबाई मला म्हणाल्या, "धुऱ्यावर दोन बाटल्या हायेत औषधाच्या. झाकनं घट्ट लाव अन् पिशवीत घे. कागद फाटू देऊ नको त्याच्यावरचा."

मला त्या क्षणी वाटलं, आता बाटल्यांचं काय करायचं आहे. पण घेतल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कोणतं औषध फवारत होते?" आणि उत्तराची वाट न बघता नर्सला काही सांगायला वळले. बहुधा त्यांना नेहमीचं उत्तर माहीत होतं, 'फवाऱ्याचं'; औषधाचं नाव कुणालाच सांगता येत नसे. जाऊबाईंनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर थांबले. बाटल्यांवरचा मजकूर वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"अंग धुतलंत का?"

"हाव. साबनानं."

"कुणी शिकवलं?"

"हातावर सांडलं की हात धुतो नं आपन. थे तं त्याहिच्या अंगभर सांडलं होतं."

 इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी खामगावला हलवलं. चार दिवस भासऱ्यांना धड शुद्ध नव्हती, मग हळूहळू ओळखायला लागले. दहाव्या दिवशी घरी आलो. खामगावच्या डॉक्टरांनी निघताना आम्हाला सांगितलं, की अंगावरचं औषध लगेच धुतलं गेलं नसतं तर गोष्ट अवघड होती. जाऊबाई तेव्हा पिशव्या भरत होत्या. ऐकलं की नाही, कोण जाणे.

भासरे दोन महिने खाटेवरच होते. हातपाय थरथरायचे, थोडं चाललं की धाप लागायची. माझे यजमान एसटीत कंडक्टर, त्यांची ड्युटी चुकवता येत नव्हती. एके सकाळी भासरे जाऊबाईंना म्हणाले, "यंदा वावर तूच पाय."

"यंदाच?" जाऊबाईंनी विचारलं. ते हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच.

उरलीसुरली वेचणी झाली. विहिरीला पाणी होतं. पाणी असलं की कपाशी मोडायची नाही, आणखी दोन-अडीच महिने ठेवून पुन्हा बोंडं घ्यायची, हीच चाल होती. फरदड म्हणतात तिला. जाऊबाईंनी आमच्या वावरात मेंढ्या बसवायला सांगितल्या. मेंढपाळ आले, मेंढ्यांनी झाडांवरची हिरवी-किडकी सगळी बोंडं, पाला खाऊन टाकला. सासूबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

"उभं पीक चारलं मेंढराईले," त्या चौथ्या दिवशी म्हणाल्या.

"आत्याबाई, पीक होतं काय थे? अयी राहत होती त्याच्यात." अळीला त्या अयीच म्हणायच्या. "तिले जानेवारीत खायले भेटलं तं थे पुढल्या सालची तयारी करते. माह्या बरनीत पाह्यलं नं तुम्ही."

घरात कापूस या वेळी मुळात कमीच होता, तोही त्यांनी झोपायच्या खोलीत येऊ दिला नाही. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकला आणि लवकर विकायला लावला. पण आमचं एक घर स्वच्छ करून काय होणार, हे त्यांना माहीत होतं. आमच्या गल्लीत बारा-चौदा घरं, प्रत्येकामागे पऱ्हाटीची गंजी. गंजी जाळून टाका, असं सांगायला जाऊबाई एकेका घरी जायला लागल्या. मी बरोबर असायची, कारण त्यांना वाटायचं की शिकलेली सून सोबत असली की बायका ऐकतील. प्रत्यक्षात बायका त्यांचंच ऐकत, माझ्याकडे कुणी बघतही नसे.

सगळ्यात मोठी गंजी आमच्या चुलत सासूंची होती. साठी ओलांडलेल्या, तोंडाने फटकळ. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "तुह्या नवऱ्याले औषध चढलं, त्यात माह्या पऱ्हाटीचा काय दोष? मी भाकर कायच्यावर टाकू?"

ते खोटं नव्हतं. गॅस सगळ्यांकडे आला होता, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. पऱ्हाटी जाळून टाका म्हणजे वर्षाचं सरपण टाका.

जाऊबाईंनी वाद घातला नाही. उठून गंजीकडे गेल्या, एक काडी ओढली. तिच्यावरचं सुकलेलं, मिटलेलं बोंड तोडून चुलत सासूंच्या हातात दिलं. "फोडा," म्हणाल्या. म्हातारीने बोटांनी ते फोडलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्या मधोमध गुलाबी अळी अंगाची गुंडाळी करून बसलेली. जिवंत. जाऊबाईंनी दुसरं बोंड दिलं, तिसरं दिलं. सहापैकी चारांत अळी निघाली. आम्ही चहाचे कप ठेवून परत आलो.

दोन दिवसांनी त्याच आमच्या दारात आल्या. "बोंडं तोडून जाळली अन् काड्या ठेवल्या, तं चालते काय?"

जाऊबाईंनी क्षणभर विचार केला. मला आजही त्यांचा तो चेहरा आठवतो. तोवर त्यांना सगळी पऱ्हाटी नष्ट करायची होती. पण समोरच्या बाईला चूलही पेटवायची होती. "चालते," त्या म्हणाल्या. "चांगलं चालते. काडीत अयी नाई राहत, बोंडात राह्यते."

मग पंधरा दिवस आमच्या गल्लीत दुपारी एकच काम चाललं. जेवणं आटोपली की बायका एकेका गंजीपाशी जमायच्या, काड्या ओढायच्या, बोंडं तोडून घमेल्यात टाकायच्या आणि ढीग झाला की पेटवायच्या. आधी आमची गंजी, मग चुलत सासूंची, मग पुढची. हात ओरखडले, बोटांना कुसं टोचली. सगळ्या काही आल्या नाहीत. गल्लीच्या टोकाची तीन घरं शेवटपर्यंत तयार झाली नाहीत, आणि गावाच्या दुसऱ्या बाजूला तर कुणी हे ऐकलंच नाही. तरी गल्लीत दहा गंज्या साफ झाल्या. सासूबाईसुद्धा एका दुपारी पाट घेऊन बसल्या. भराभरा बोंडं तोडली.

पुढच्या हंगामात कृषी सहायकांनी कामगंध सापळे दिले. प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली पिशवी, आणि आत मादीच्या वासाची एक छोटी गोळी. त्या वासाला नर पतंग येतात आणि अडकतात. गावात अनेकांनी सापळे घेतले आणि लावून विसरून गेले. जाऊबाई रोज सकाळी आमच्या सापळ्यांतले पतंग मोजायच्या आणि न्याहारीला बसताना आकडा सांगायच्या. कृषी सहायकांनी सांगितलं होतं, की सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर हालचाल करायची. तोवर फवारा काढायचा नाही. भासरे समोरून विचारायचे, "आज किती?" "तीन." "काल?" "दोन."

फुलं आली तेव्हा त्या मला घेऊन ओळीओळीने फिरल्या. ज्या फुलाच्या पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या पिळून मिटून राहतात, त्यात अळी असते. डोमकळी म्हणतात. ती तोडायची, चुरडायची, पुढे जायचं. पहिल्या दिवशी मला एक सापडेपर्यंत त्यांना नऊ सापडल्या होत्या. माझी नजर पाना-फुलांवर नुसती घसरायची, त्यांची नजर थांबायची. मला थोडा हेवा वाटला हे कबूल करते.

त्या वर्षी आम्हाला दोनदाच फवारावं लागलं. एकदा निंबोळी अर्क, एकदा औषध. औषधाला माणूस बोलावला तर जाऊबाईंनी त्याला आधी हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला. तो म्हणाला, "वहिनी, गर्मी होते याच्यात." त्या म्हणाल्या, "मंग सकायी ये. ऊन चढाच्या आंधी." तो सकाळी आला. फवारणी संपून त्याने साबणाने अंघोळ करेपर्यंत जाऊबाई धुऱ्यावरून हलल्या नाहीत.

कापूस आला. अगदी सगळा पांढरा शुभ्र आला असं नाही, शेवटच्या वेचणीत कवडी निघालीच. गावाच्या त्या बाजूकडून पाखरं येतच होती. पण आदल्या वर्षाशी तुलनाच नको. गल्लीतल्या ज्यांनी बोंडं जाळली होती त्यांचंही बरं झालं, आणि पुढच्या माघात ती टोकाची तीन घरं न बोलावता घमेली घेऊन आली.

घरात जे बदललं ते मला जास्त मोलाचं वाटतं. पुढची खोली आता खोली आहे. तिथे खाटा आहेत, मुलांचं अभ्यासाचं टेबल आहे. माझी धाकटी मुलगी तिथेच वाढली. कापसाची खाज म्हणजे काय हे तिला माहीत नाही. भासरे आता बरे आहेत, पण औषधाचा वास आला की अजूनही त्यांना मळमळतं, म्हणून सापळे मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आकडा आता ते सांगतात आणि जाऊबाई ऐकतात.

मागच्या श्रावणात आम्ही दोन एकरांत मका पेरला होता. मी सकाळी चहा घेऊन गेले तर जाऊबाई एका रोपावर वाकून त्याच्या पोंग्यात, म्हणजे वरच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, बघत होत्या. पानांवर ओळीने भोकं पडली होती, आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. त्यांनी काडीने एक करडी अळी बाहेर काढून तळहातावर घेतली. आता त्यांना चष्मा लागला आहे. तो कपाळावर सरकवून त्यांनी अळी डोळ्यांजवळ नेली.

"ही आपली नाई," त्या म्हणाल्या. "पाय, हिच्या डोक्यावर इंग्रजीतला उलटा वाय काढल्यासारखा हाय. फोटू काढ अन् कृषीवाल्या सायेबाले धाड."

मी फोटो काढला, पाठवला. मक्यावर येणारी लष्करी अळी आहे, असं उत्तर आलं. ते मी वाचून दाखवेपर्यंत जाऊबाई पुढच्या ओळीत पोचल्या होत्या आणि एकेका पोंग्यात डोकावून मोजत होत्या, किती रोपांत आहे आणि किती रोपांत अजून नाही.